विजापूर पायी बघायचं तर: गोल घुमट ते इब्राहिम रोजा, एका दिवसाचा वॉक

विजापूरला (२०१४ पासून कागदोपत्री विजयपुर) आपली बहुतेक माणसं जातात ती पंढरपूर-सोलापूर-अलमट्टी असं काहीतरी जोडून, दोन तासात गोल घुमटात ओरडून येतात आणि बघून झालं म्हणतात. तसं करू नका. हे शहर चालत बघायचंय, आणि एकाच प्रश्नाचा धागा धरून बघायचंय: इथं छत कसं पेललंय? प्रत्येक ठिकाणी पोचलात की आधी मान वर करा आणि हेच विचारा. आदिलशाही साधारण १४८९-९० पासून १६८६ पर्यंत टिकली, त्या दोनशे वर्षात इथल्या कारागिरांनी या एका प्रश्नाची इतकी वेगवेगळी उत्तरं दिलीत की दिवस कसा जातो कळत नाही. तारखा-बादशहांची नावं पाठ नसली तरी चालतं, मान दुखली म्हणजे वॉक बरोबर झाला.

निघायच्या आधी

सोलापूरहून रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे, पहाटेची गाडी पकडून एका दिवसात जाऊन-येऊन होतं पण ओढाताण होते, आदल्या रात्री मुक्कामाला पोचलेलं कधीही बरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सीझन. एप्रिल-मे मध्ये जाऊच नका, ऊन तर आहेच, वर सगळीकडे काळा दगड आणि मशिदीत, रोजात (म्हणजे मकबऱ्यात) चपला काढायला लागतात, दुपारी बाराला त्या फरशीवर पाय ठेवून बघा म्हणजे कळेल. त्यासाठी एक जुने जाड मोजे बॅगेत टाका, ही या लेखातली सगळ्यात उपयोगी टिप समजा. दुसरी वस्तू म्हणजे छोटी दुर्बीण, घरात मुलांची खेळण्यातली असली तरी चालेल, कारण इथलं निम्मं नक्षीकाम वीस-तीस फुटांवर छज्ज्याच्या खाली असतं आणि मोबाइलच्या झूममध्ये त्याचा नुसता लगदा दिसतो. डोक्याला ओढणी-स्कार्फ, गुडघे झाकतील असे कपडे, पाणी. बास.

वार ठरवताना शुक्रवार टाळा. घुमटाच्या आवारातलं म्युझियम शुक्रवारी बंद असतं आणि जामा मशिदीत दुपारची मोठी नमाज असते, तेव्हा आत फिरणं बरं दिसत नाही आणि फिरूही देत नाहीत. भाषेचं टेन्शन घेऊ नका, कन्नड येत नसली तरी हिंदी, दखनी आणि बऱ्याच जणांना मराठी येते, १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यातच होता.

दिशा पूर्वेकडून पश्चिमेला. गोल घुमट पूर्वेच्या टोकाला, रेल्वे स्टेशनच्या जवळ, आणि इब्राहिम रोजा पश्चिमेला तटाबाहेर. मधली वळणं-वळसे धरून सहा-सात किलोमीटर होतात. उलटं केलंत तर घुमटावर भर दुपारी आणि शाळेच्या सहलींच्या गर्दीत पोचाल, म्हणून उलटं नको.

गाइड घ्यायचा की नाही? घुमटाच्या गेटवर भेटतात, घ्यायचा तर तिथंच आणि पैसे, वेळ, कुठं कुठं नेणार हे आधी ठरवून. पण त्यांना गोष्टी सांगायला फार आवडतं (कुणी कुणावर प्रेम केलं, कोण कुठून उडी मारून मेली), तर सरळ म्हणा, काका, गोष्टी नंतर, आधी कमानी दाखवा. तसं म्हटलं की त्यातले जाणकार खुलतात, बाकीचे कंटाळून लवकर सोडतात, दोन्हीकडून आपला फायदाच आहे.

पहिला टप्पा: गोल घुमट, उघडल्या उघडल्या

सकाळी गेट उघडतं तेव्हा तुम्ही दारात पाहिजे. कारण वरची कुजबुज गॅलरी. पहिली सहलीची बस आली की तिथं पोरं शिट्ट्या आणि किंकाळ्या मारायला लागतात आणि मग त्या गॅलरीला काही अर्थ उरत नाही.

आत शिरताना समोर नगारखाना लागतो, त्यातच म्युझियम आहे, ते परत येताना बघा, आता थेट घुमटाकडे. दक्षिणेच्या दारावर थांबा आणि दुर्बीण काढा. दारावर फारसीत लेख कोरलाय, तीन भागात. अक्षरांना आकडे देऊन बेरीज करायची जी जुनी पद्धत आहे, तिने तिन्ही भागांची बेरीज येते १०६७, म्हणजे हिजरी १०६७, इसवी सन १६५६-५७, गोल घुमट हा ज्याचा मकबरा त्या मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचं साल. तीन वेगळी वाक्यं आणि तिन्हीचा आकडा तोच, लिहिणाऱ्याने किती डोकं लावलं असेल! त्याच दारापाशी साखळीला टांगलेला एक दगड दिसेल, बिजली पत्थर म्हणतात, हा उल्कापाषाण आहे आणि तो इमारतीचं विजेपासून रक्षण करतो असा इथला समज.

आत गेल्यावर मध्यावर चौथरा आणि त्यावर लाकडी छत्रीखाली थडगी दिसतात. ही नुसती वरची खूण, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. सगळे लोक तिथं गर्दी करतात, तुम्ही कोपऱ्यात जा, भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि वर बघा. हॉल चौकोनी आहे, आतून प्रत्येक बाजू साधारण ४१ मीटर. वर घुमट गोल, आतला व्यास ३८ मीटरच्या आसपास. चौकोनावर गोल बसवायचा कसा, आणि मध्ये एकही खांब न लावता? तर त्यांनी आठ मोठ्या कमानी अशा तिरक्या उभ्या केल्यात की त्या वर जाताना एकमेकींना छेदतात, म्हणजे दोन चौकोन एकमेकांवर फिरवून ठेवले की जी आठ टोकांची चांदणी होते ती. त्या चांदणीच्या आतल्या अष्टकोनावर गोल कडं, आणि कड्यावर घुमट. खरी गंमत पुढे आहे. कुठलाही घुमट आपल्या वजनाने खालच्या भिंतींना बाहेर ढकलत असतो. इथं कमानींच्या मधले जे भाग आत झुकलेत, त्यांचं वजन आतल्या बाजूला ओढतं, म्हणजे बाहेरचा जोर आणि आतली ओढ एकमेकांना बऱ्यापैकी मारून टाकतात. वर भिंतीही साधारण दहा फूट जाड. पावणेचारशे वर्षं उगाच नाही उभा.

गाइड सांगतील की हा जगातला दोन नंबरचा घुमट, तो हिशोब जुना झाला, आता स्टेडियमांचे घुमट कितीतरी मोठे आहेत. पण वीट आणि चुन्यात बांधलेला, खाली खांब नसलेला इतका मोठा घुमट जगात हाताच्या बोटावर मोजण्याइतका, एवढं म्हटलं तरी पुष्कळ आहे.

आता चढायचं. चारी कोपऱ्यांना अष्टकोनी सात मजली मनोरे आहेत, त्यांच्या आतून जिने. पायऱ्या शंभराच्या वर, अरुंद आणि उंच उंच, गुडघे दुखत असतील तर प्रत्येक मजल्यावरच्या खिडकीत थांबत जा, कोणी मागे लागलेलं नसतं. गच्चीवर आलात की आधी गॅलरीत न शिरता बाहेरच एक चक्कर मारा. घुमटाचा तळ बघा, दगडी कमळाच्या पाकळ्या बाहेर उमलल्यात आणि त्यातून घुमट वर आलाय. ही आदिलशाहीची सही समजा, दिवसभर ठिकठिकाणी दिसणार आहे. मग पश्चिमेला तोंड करा, आज चालायचा सगळा रस्ता समोर पसरलेला दिसतो, जामा मशिदीचा घुमट ओळखून ठेवा, पुढचा टप्पा तोच.

गॅलरी वापरायची रीत: दोघांनी बरोब्बर समोरासमोर जायचं, मध्ये ३८ मीटर हवा. तोंड समोरच्या माणसाकडे न करता भिंतीच्या जवळ न्यायचं आणि हळू बोलायचं, अगदी कानात सांगतो तसं. आवाज गोल भिंतीला धरून पलीकडे पोचतो. कागद टरकावा, तो पण ऐकू येतो. टाळी एकदा वाजवा आणि मोजा, सात ते दहा वेळा परत येते. ओरडू नका एवढीच विनंती, ओरडल्यावर सगळं एकमेकात मिसळून नुसता गोंधळ होतो आणि बाकीच्यांची सकाळ खराब होते.

खाली उतरून पश्चिमेची छोटी मशीद बघून घ्या, तिच्याकडे कोणी फिरकत नाही पण प्रमाणाच्या बाबतीत मला ती मोठ्या घुमटापेक्षा सरस वाटते. एकूण इथं अडीच तास धरा.

दुसरा टप्पा: जामा मशीद

घुमटापासून नैर्ऋत्येला वीस-पंचवीस मिनिटं चालत. वाटेत नाश्ता उरकून घ्या, नंतर वेळ मिळणार नाही.

ही पहिल्या अली आदिलशहाची, तालिकोटची लढाई (विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांची) १५६५ ची, त्यानंतरच्या वर्षांत उभी राहिलेली. म्हणजे गोल घुमटाच्या आधी चांगली सत्तर-ऐंशी वर्षं. आत जाऊन मधल्या घुमटाखाली उभे राहा आणि वर बघा, ओळखीचं वाटतंय? त्याच एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, तीच चांदणी, फक्त लहान. म्हणजे गोल घुमटाची कल्पना काही आकाशातून पडली नाही, त्याची तालीम इथं झालेली आहे. बहुतेक लोक हे बघतच नाहीत कारण त्यांनी घुमट बघून शहर संपवलेलं असतं. म्हणूनच मी हा क्रम धरायला सांगतोय, आधी मोठं उत्तर बघायचं, मग ते कुठून आलं ते.

दुसरी गोष्ट इथली साधी रंगसंगती. पांढऱ्या कमानींच्या रांगाच्या रांगा, कसलीही सजावट नाही, फक्त सावली. आणि मग एकदम मेहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा भिंतीतला कमानदार भाग, मुहम्मद आदिलशहाच्या काळात १६३६ साली सोनेरी आणि रंगीत करून घेतलेला, त्यात कोनाडे, पुस्तकं, फुलदाण्या रंगवल्यात. बऱ्याचदा पडदा असतो, तिथल्या माणसाला नीट विचारलं तर सरकवतात, चपला लांब काढा आणि आवाज खाली ठेवा. फरशीवर नमाजीसाठी एकेकाच्या जागेचे चौकोन आखलेत, सव्वादोन हजारांच्या आसपास, ते औरंगजेबाने करवले असं सांगतात. आणि बाहेर येऊन पूर्वेच्या कोपऱ्यांकडे बघा, इतक्या मोठ्या मशिदीला मिनारच नाहीत. इमारत पुरी झालीच नाही कधी.

तिसरा टप्पा: मेहतर महल आणि असर महल

जामा मशिदीकडून बालेकिल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर डाव्या-उजव्या दुकानांच्या गर्दीत मेहतर महल येतो आणि लक्ष नसेल तर निघूनही जातो. नाव महल, पण हा एका छोट्या मशिदीचा दरवाजा आहे, साधारण १६२० चा. इथं दुर्बीण वसूल. सज्ज्याच्या खाली छज्ज्याला आधार द्यायला दगडी तिरके हात लावलेत आणि ते इतके कोरलेत की लाकूडच वाटावं, पक्ष्यांच्या रांगा, सिंह, वेलबुट्टी. हात लांब आणि बारीक आहेत, दगडाला ही सवय नसते, सुताराचं काम पाथरवटाने करून दाखवलंय. रस्त्यावर उभं राहून वर बघताना मागून येणाऱ्या मोटरसायकली सांभाळा, पलीकडच्या फुटपाथवरून जास्त चांगलं दिसतं.

असर महल त्याहून पुढे, खंदकाच्या अलीकडे, समोर मोठं तळं. १६४६ च्या सुमाराचा, आधी न्यायाचा दरबार, नंतर पैगंबरांचे केस म्हणून जपलेले अवशेष इथं ठेवले. बायकांना आत सोडत नाहीत, वाद घालण्यात अर्थ नाही, तळ्याच्या काठावरून समोरचा उंच उघडा दिवाणखाना दिसतो तो बघा. इथं उत्तर वेगळंच आहे, कमान नाही, घुमट नाही, चार भलेमोठे अष्टकोनी लाकडी खांब आणि त्यावर लाकडी रंगवलेलं छत. दहा मिनिटं पुरतात.

चौथा टप्पा: बालेकिल्ला, आणि जेवण

खंदक ओलांडला की बालेकिल्ला, इथले लोक अर्ककिल्ला म्हणतात. आता इथं सरकारी ऑफिसं, बागा, रहदारी सगळं आहे त्यामुळे किल्ल्यात आलोय हे सांगावं लागतं.

आधी करीमुद्दीनची मशीद शोधा, १३२० ची, म्हणजे आदिलशाहीच्या कितीतरी आधीची. खांब सरळ सरळ जुन्या देवळांचे, आणि छत खांबावर तुळई, तुळईवर फरशी असं आपल्या देवळात असतं तेच. कमानीचा, घुमटाचा पत्ता नाही. आपल्या प्रश्नाचं हे पहिलं उत्तर, आणि सकाळी शेवटाजवळचं बघून आल्यामुळे ते जास्त जाणवतं.

मग गगन महल, १५६१. मधली कमान १८ मीटरच्या वर रुंद, दोन्ही बाजूला दोन अरुंद कमानी. दरबाराची जागा होती, वरचं लाकूडकाम सगळं गेलंय त्यामुळे आता नाव शब्दशः खरं झालंय, वर गगनच. १६८६ मध्ये शेवटचा आदिलशहा सिकंदर याला चांदीच्या बेड्या घालून औरंगजेबापुढे इथंच उभा केला असं सांगतात. जवळच सात मंझिल, सातातले पाच मजले उरलेत, भिंतीत पाणी वर खेळवायचे नळ आणि हौद दिसतात. त्याच्या समोर रस्त्यात जल मंझिल, एके काळी पाण्यात उभा असलेला कोरीव चिमुकला मंडप, आता भोवती रहदारी.

इथं दुपार झालेली असते. जेवून घ्या, ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाची चटणी, दही. सोलापूरकरांना घरीच जेवल्यासारखं वाटेल.

पाचवा टप्पा: बारा कमान

बालेकिल्ल्याच्या उत्तर-पश्चिमेला, चालत दहा मिनिटांच्या आत. दुसऱ्या अली आदिलशहाचा मकबरा, हा तोच अली ज्याच्या काळात अफझलखान आणि पन्हाळ्याचा वेढा झाला. बापाच्या गोल घुमटाच्या तोडीचं काहीतरी करायला घेतलं, १६७२ ला बादशहा गेला आणि काम तिथंच थांबलं. उंच चौथऱ्यावर काळ्या दगडाच्या नुसत्या कमानी उभ्या आहेत.

लोक इथं फोटो काढून निघतात. तुम्ही जरा बसा. पुऱ्या झालेल्या इमारतीत गिलावा, छत, नक्षी यांच्या मागे जे लपतं ते इथं उघडं आहे. एखाद्या कमानीच्या पायाशी उभं राहून तिची रेघ नजरेने वर न्या, कुठं सरळ आहे, कुठून वळायला लागली, दगड कसे तिरके होत गेले. सकाळी घुमटात ज्या कमानी गिलाव्याखाली होत्या त्यांचा हा सांगाडा. या कमानींवर छत कधी आलंच नाही, आणि शिकायला मात्र पूर्ण दिवसात सगळ्यात जास्त इथंच मिळतं. याची सावली गोल घुमटावर पडली असती म्हणून काम थांबवलं ही जी गोष्ट सांगतात, ती ऐकायला छान, दोन्हीतलं अंतर बघितलं की हसू येतं.

सहावा टप्पा: ताज बावडी आणि मलिक-ए-मैदान, झटपट

इथून पश्चिमेला चालायचं किंवा पाय गेले असतील तर ऑटो करायची, लाजायचं काही कारण नाही. ताज बावडी १६२० ची, इब्राहिम आदिलशहा दुसरा याची बेगम ताज सुलताना हिच्या नावाची, बांधली मलिक संदलने. हे नाव लक्षात ठेवा, तासाभरात परत येणार आहे. मोठी कमान, दोन्ही बाजूला अष्टकोनी बुरूज आणि आत प्रचंड चौकोनी पाणी. मध्यंतरी कचऱ्याने भरली होती, गाळ काढल्यावर रूप परत आलंय.

मलिक-ए-मैदान तोफ पश्चिमेच्या तटावर शेरझा बुरुजावर. वास्तुकला नव्हे, पण वाटेत आहे आणि मराठी माणसाला चुकवणं शक्य नाही: १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, नंतर परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून १६३२ मध्ये इकडे आणली. वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहासारखा जबडा आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती, तो नीट बघा. इंग्रजांच्या काळात १८५४ ला हिचा लिलाव झाला, बोली आली दीडशे रुपये, मग तो रद्द केला म्हणून तोफ जागेवर आहे. जवळचा उपली बुरूज, १५८४ चा, बाहेरून वळत जाणाऱ्या पायऱ्यांचा, दम असेल तर चढा.

सातवा टप्पा: इब्राहिम रोजा, ऊन कललं की

साडेतीन-चारला पोचायचा हिशोब ठेवा, तेव्हाचा उजेड इथल्या दगडाला मानवतो आणि बंद व्हायला वेळही असतो. माझं स्पष्ट मत, विजापुरात एकच इमारत बघायला मिळणार असेल तर ही बघा, गोल घुमट नव्हे.

दुसरा इब्राहिम आदिलशहा (१५८० ते १६२७), गाण्याचा वेडा, लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे. एका चौथऱ्यावर समोरासमोर दोन इमारती, पूर्वेला मकबरा, पश्चिमेला मशीद, मध्ये हौद. बांधणारा पुन्हा मलिक संदल, त्याचं नाव इथल्या लेखात आहे. काम १६२७ चं.

आधी मकबऱ्याच्या बाहेरच्या भिंतीभोवती फिरा, घाई न करता. खिडक्या बघा. खिडकीत जाळी नाही, अक्षरं आहेत. दगडाची पातळ फळी घेऊन अरबी अक्षरं तेवढी ठेवलीत आणि मधला दगड काढून टाकलाय, त्या फटीतून आत उजेड जातो. बाहेरून वाचता येत नसलं तरी आतल्या अंधारात उभं राहिलं की ओळ उजेडात उठून दिसते. एखादं अक्षर निसटू नये म्हणून वळणं एकमेकांत कशी अडकवलीत हे जवळ जाऊन बघा, हात लावू नका.

आता आत, आणि शेवटची मान वर. बाहेरून घुमट दिसतो म्हणून आत घुमट शोधाल, नाहीये. साधारण ४० फूट बाजूच्या चौकोनी खोलीवर दगडाचं जवळजवळ सपाट छत, खाली एक खांब नाही, एक कमान नाही. कडेने भिंत थोडी आत वळत येते आणि मधल्या दगडी फळ्या बिजागरीने टांगल्यासारख्या एकमेकींना धरून आहेत. हे कसं टिकलं? उत्कृष्ट चुना, लोखंडी अडकवण्या आणि सांधे इतके घट्ट की दगड सगळे मिळून एकच फरशी झालेत. घुमट तिच्या वर वेगळा आहे. सकाळी वजन कमानींवरून फिरवून खाली आणलेलं बघितलं, इथं नुसत्या सांध्यांवर लटकवलंय, आणि हे गोल घुमटाच्या आधीचं आहे.

मग समोरच्या मशिदीच्या छज्ज्याच्या कोपऱ्यांना दगडी साखळ्या लोंबताना दिसतात का बघा, कड्या सुट्या हलतील अशा एकाच दगडातून कोरलेल्या.

बाहेर ऑटो मिळतात, स्टेशनला परत चार-पाच किलोमीटर. अजून एक सकाळ हातात असेल तर ऑटोवाल्या अण्णांना अफझलखानाची मशीद आणि साठ कबर सांगा, गावाबाहेर पश्चिमेला, रस्ता शेतातला आहे. प्रतापगडाला निघण्याआधी खानाने आपल्या बायका मारल्या ही दंतकथा तिथं प्रत्येकजण सांगतो. एकसारख्या कबरींच्या रांगा मात्र खऱ्या आहेत, त्या मोजायच्या तर सकाळच्या उन्हात जा आणि पाणी इथूनच भरून न्या, तिथं दुकान नाही.